"तुझ्याशिवाय इथलं पान हलत नाही" म्हणे, मग मी कधी हलणार?

मधलीच_बाई

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ३७. एकाच कंपनीत ११ वर्षं झाली, त्यातली गेली ६ एकाच पोस्टवर, ऑपरेशन्समध्ये. महिनाअखेरचा सगळा एमआयएस, म्हणजे वरच्या साहेबांसाठीचा आकड्यांचा रिपोर्ट, माझ्याकडे असतो. सहा ठिकाणांहून डेटा येतो, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, कोणी तारीख आधी लिहितं कोणी महिना आधी, कोणी रिकाम्या जागी शून्य टाकतं कोणी डॅश, ते सगळं एका एक्सेलमध्ये बसवायचं आणि ३ तारखेला सकाळी १० च्या आत वर पाठवायचं. ती फाईल मीच जन्माला घातलीय आणि मीच वाढवलीय. २३ शीट्स आहेत. एका शीटचं नाव "फायनल_नवीन_हीच घ्या" आहे. आणि एक पिवळा सेल आहे त्याला कोणी हात लावायचा नाही, लावला की पुढच्या तीन शीट्सवर नुसते एरर. तो पिवळा का आहे हे आख्ख्या ऑफिसात फक्त मला माहितीये.

तर प्रॉब्लेम असा की दोनदा प्रमोशन हुकलं. पहिल्या वेळी बाहेरून माणूस आणला, ठीक आहे म्हटलं. दुसऱ्या वेळी माझ्याच शेजारी बसून शिकलेला मुलगा, पिव्हट टेबल म्हणजे काय इथपासून मी शिकवलेला, तो टीम लीड झाला. मुलगा चांगला आहे, त्याच्यावर राग नाहीये. (आहे थोडा.) अप्रेझलला साहेब म्हणाले, तुझ्याशिवाय इथलं पान हलत नाही. ऐकून बरं वाटलं, घरी पोचेपर्यंत बरंच वाटत होतं, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की हे वाक्य मी सलग चौथ्या वर्षी ऐकतेय.

मैत्रिणी म्हणतात एखादा कोर्स कर. नवरा म्हणतो सोड आणि दुसरी बघ. आई म्हणते आहे ते काय वाईट आहे. ज्याच्याशी बोलते तेव्हा त्याचंच पटतं. रेझ्युमे उघडला, ५ वर्षांपूर्वीचा होता, एक ओळ वाढवली आणि बंद केला. असं तीनदा झालंय. सकाळी लॉगिन करताना हल्ली पोटात कसंतरी होतं.

सुरुवात नेमकी कुठून करायची? कोर्स, नोकरी, की साहेबांशी बोलणं? जे यातून गेलेत त्यांनी लिहा प्लीज. "पॉझिटिव्ह राहा" असं कृपया कोणी लिहू नका, ते मी आरशातल्या बाईला रोज सांगते.

रिकामटेकडा

रुमाल टाकून ठेवतो. माझं अगदी हेच, फक्त एक्सेलच्या जागी सर्व्हर घाला. माझ्याकडे पिवळा सेल नाहीये पण एक स्क्रिप्ट आहे तिच्या वरती मीच लिहून ठेवलंय "हात लावू नये".

जुनं_खोड

ताई, मी पलीकडच्या बाजूने लिहितो, कारण तुमच्या साहेबांच्या खुर्चीत मी १४ वर्षं बसलो आणि ते पान हलण्याचं वाक्य मीही वापरलंय, एकाला नाही, तिघांना.

प्रमोशनचं खोलीत कसं ठरतं ते सांगतो. दार लावून चार-पाच जण बसतात, समोर यादी, एकेका नावाला जेमतेम दोन-तीन मिनिटं. तुम्हाला वाटतं तिथे तुमच्या कामाचा हिशोब होतो. तसं होत नाही. काम चांगलं आहे हे सगळ्यांना माहीतच असतं, म्हणून तर नाव यादीत आलं. पहिला प्रश्न येतो "हिला हलवलं तर तिथे कोण?" याचं उत्तर तुमच्या साहेबांकडे नसलं की ते स्वतःच म्हणतात पुढच्या वेळी बघू. त्यात दुष्टावा नसतो हो, त्यांना ३ तारखेची धास्ती असते. आणि दुसरा प्रश्न टेबलावरच्या बाकीच्यांसाठी असतो, तुम्हाला ओळखतं कोण? एकट्या साहेबांनीच तुमच्या बाजूने बोलायचं म्हटलं तर ते फार वेळ तग धरत नाहीत.

आता माझी चूक. माझ्याकडे एक बाई होत्या, बिलांची पडताळणी त्यांच्याकडे, इतकं चोख काम की मी त्या टेबलाकडे बघायचंच सोडून दिलं. तीन वर्षं त्यांना वर जाऊ दिलं नाही, आणि मी असं करतोय हे मला तेव्हा कळतही नव्हतं, मी तर सगळीकडे त्यांचं कौतुक करत फिरायचो. एके दिवशी त्यांनी राजीनामा दिला. मग नोटीस पिरियडमध्ये पंधरा दिवसांत त्यांचं काम दोघांना शिकवून झालं. पंधरा दिवसांत! तीन वर्षं जे "शक्यच नाही" होतं ते. त्या जाताना माझ्याशी नीट बोलल्या नाहीत आणि बरोबर होतं ते.

म्हणून म्हणतो, पंधरा दिवस राजीनाम्याच्या आधी काढा. एक माणूस निवडा, फाईल त्याच्या हातात द्या. पहिल्या महिन्यात तुम्ही शेजारी बसा पण माऊसला हात लावायचा नाही. दुसऱ्या महिन्यात शेजारीही बसू नका. आणि साहेबांना "माझं प्रमोशन कधी" असं विचारू नका, त्याला "बघू" हे एकच उत्तर असतं. असं विचारा, की ही फाईल मी अमुक महिन्यापर्यंत अमुक व्यक्तीकडे देते, त्या बदल्यात लीडच्या कामातलं कुठलं काम आत्तापासून माझ्याकडे येईल? आणि बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींची मेल, "आज आपलं असं ठरलं" म्हणून. तोंडी ठरलेलं पुढच्या अप्रेझलपर्यंत कोणाच्याच लक्षात राहत नाही. साहेबांच्या तर अजिबात नाही, अनुभवाने सांगतो.

एक विचारू? तो मुलगा लीड झाला त्याच्या आधीच्या वर्षात तो नेमकं काय करत होता?

सावध_माणूस

काका, ऐकायला छान आहे पण मी हेच केलं होतं. माझ्याकडची सगळी प्रोसेस लिहून काढली, स्क्रीनशॉटसकट ४० पानं, ज्युनियरला शिकवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्या कपातीत यादीत नाव कोणाचं तर माझं. ज्युनियर स्वस्त पडत होता आणि आता त्याला सगळं येतही होतं.

ताई, ती फाईल तुमचं चिलखत आहे. अंगावरून उतरवायच्या आधी दहादा विचार करा. प्रमोशन नाही मिळालं तर मन खट्टू होतं, नोकरी गेली तर घर अडतं.

जुनं_खोड

@सावध_माणूस, तुमचं वाईट झालं आणि असं होतं, मी नाही म्हणणार नाही. पण एक विचारतो, राग मानू नका, ती ४० पानं दिलीत तेव्हा बदल्यात हातात काय घेतलं होतं?

सावध_माणूस

काहीच नाही. मला वाटलं ते बघतील.

जुनं_खोड

तेच म्हणतोय. नवीन पाऊल टेकल्याशिवाय मागचं उचलायचं नाही. आधी नवं काम हातात, लोकांना ते तुमच्या नावाने कळलेलं, मग जुनं सुटू द्यायचं. तुम्ही मागचं उचललंत आणि पुढचं टेकायला जागाच ठरवली नव्हती. आणि चिलखताचं म्हणाल तर ज्या दिवशी ते नवीन सॉफ्टवेअर आणतील त्या दिवशी २३ शीट्सची फाईल चिलखत राहणार नाही.

पाटी_कोरी

कोर्सबद्दल मी बोलते कारण त्यात माझी पीएचडी आहे, चार कोर्स केलेत, चारही सर्टिफिकेट्स एका फोल्डरमध्ये आहेत आणि तो फोल्डर कुठे आहे ते आठवत नाहीये. कोर्स लावला ना की आपण कुठेतरी चाललोय असं वाटतं, व्यायामशाळेतल्या सायकलसारखं, घाम येतो, दम लागतो, उतरलो की तिथेच. सगळे कोर्स वाईट असं नाही म्हणत, पण आधी काय कमी आहे ते बघा आणि मग त्यापुरतंच शिका.

मी पाचव्या कोर्सचे पैसे भरायच्या आधी हे केलं, जे पहिल्याच्या आधी करायला हवं होतं. मला जी पोस्ट हवी होती तिच्या २० जाहिराती शोधल्या, अर्ज करायला नाही, नुसत्या वाचायला. एका कागदावर त्यात काय काय मागतात ते लिहित गेले आणि परत आलं की समोर रेघ. तासाभरात चित्र समोर. १७ ठिकाणी एसक्यूएल (डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची भाषा) मागितलं होतं. १४ ठिकाणी "दुसऱ्या डिपार्टमेंट्सकडून काम करून घेतलंय का" हे वेगवेगळ्या शब्दांत. मी ज्या सर्टिफिकेटसाठी पैसे भरणार होते ते फक्त दोन ठिकाणी, आणि तिथेही "असल्यास उत्तम". मग एसक्यूएल शिकले, फुकटात, स्वतःच्याच ऑफिसच्या डेटावर, जे काम आधी एक्सेलमध्ये करायचे तेच परत करून बघत. आठवड्याला चार-पाच तास, अडीच-तीन महिन्यांत कामापुरतं यायला लागलं. तुमच्यासारख्या २३ शीट्स सांभाळणाऱ्या बाईला तर व्ही-लुकअप (एका शीटमधली माहिती दुसऱ्या शीटमध्ये शोधून आणणं) म्हणजे काय कळतंच, मग जॉइन (एसक्यूएलमध्ये दोन टेबलं जोडणं) समजायला एक संध्याकाळ पुरते, खरंच.

आणि रेझ्युमे. तुम्ही एक ओळ वाढवून का बंद करता मला माहितीये. कारण आपण कामाचं नाव लिहितो. "महिनाअखेरचा एमआयएस तयार करणे." हे लिहून झालं की पुढे काय लिहिणार, संपलं. त्याऐवजी तुम्ही आलात तेव्हा काय होतं आणि आता काय आहे ते लिहा. आधी रिपोर्टला किती दिवस लागायचे? आता किती? किती चुका परत यायच्या? तुमच्या आकड्यावरून वर कोणी काय निर्णय घेतला? आकडे नक्की आठवत नसतील तर जुन्या मेल्स उघडा, सगळं तिथे असतं. एक संध्याकाळ नुसती सेंट आयटम्स वाचण्यात घालवा. मी वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं की बाई एवढं केलं आपण आणि कोणाला सांगितलंच नाही.

भिंतीवरचा_सरडा

पाटी_कोरी +१. सेंट आयटम्सचं फारच भारी.

नोकरी बघायची ठरलीच तर एक. लोक जवळच्या मित्रांना सांगतात आणि मग पोर्टलवर दीडशे अर्ज टाकतात, मीही टाकले. जवळच्या मित्रांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं, तेच ग्रुप तीच माणसं. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या आसपास बॉस्टनजवळच्या एका गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं, ज्याच्याकडून नोकरी कळली तो तुम्हाला तेव्हा कितीदा भेटायचा? वरचेवर भेटणारे जेमतेम १७ टक्के निघाले. बाकी सगळे अधूनमधून नाहीतर क्वचित भेटणारे. बोलला तो मोजक्याच लोकांशी, पण पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनच्या २ कोटी लोकांवरचा पाच वर्षांचा अभ्यास आला त्यातही तोच सूर होता, फक्त थोडी दुरुस्ती होती की अगदीच तोंडओळख नको, मधली ओळख सगळ्यात कामाची. म्हणजे जुना सहकारी, जो तीन वर्षांपूर्वी दुसरीकडे गेला आणि ज्याला तुम्ही वाढदिवसाला मेसेज करता, तो.

तुमच्या ११ वर्षांत कंपनी सोडून किती जण गेले असतील? तीस? चाळीस? त्यांची यादी करा. आणि मेसेजमध्ये "कुठे व्हेकन्सी आहे का" असं विचारू नका, समोरचा नाही म्हणून मोकळा होतो आणि मग आपल्यालाही परत बोलायला अवघड. "तुझं काम आता कसं चालतं ते पंधरा मिनिटं सांगशील का" एवढंच. माणसं स्वतःच्या कामाबद्दल सांगायला कधी नाही म्हणत नाहीत. मी ११ जणांना मेसेज केला, ८ जण बोलले, ६ गप्पांतून काहीच निघालं नाही, एकातून कळलं की मला जी पोस्ट हवी होती ती मला अजिबात नकोय (हे फार महत्त्वाचं निघालं!) आणि एकातून आत्ताची नोकरी.

दुपारची_झोप

सगळ्यांनी छान लिहिलंय पण मूळ पोस्टमधली एक ओळ कोणी उचलली नाही. "सकाळी लॉगिन करताना पोटात कसंतरी होतं."

ताई, अडकणं वेगळं आणि थकणं वेगळं. आतून दोन्ही सारखंच वाटतं म्हणून घोळ होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे त्यांच्या आजारांच्या यादीत, बर्नआउटचं वर्णन आहे. त्यांनी त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या जागेच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलंय, आणि खुणा तीन. अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं. मी थकलेली असताना नोकरी बदलली होती आणि नवीन ठिकाणी तिसऱ्या महिन्यात तेच पोट तीच सकाळ. थकवा बरोबर घेऊन गेले होते ना. सलग दहा दिवस सुट्टी काढून बघा, फोन बंद ठेवून. परत आल्यावरही कामाचा कंटाळाच असेल तर अडकला आहात, आणि काम आवडायला लागलं तर थकला होतात. झोप, भूक बिघडली असेल तर डॉक्टरांशी बोला, करिअर महिनाभर थांबतं.

मधलीच_बाई

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार, सगळं दोनदा वाचलं.

@दुपारची_झोप, दहा दिवस सुट्टी ११ वर्षांत कधी काढलीच नाहीये, कारण ३ तारीख. हे लिहितानाच कसंतरी वाटलं. पोटाचं म्हणाल तर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी काही होत नाही, आणि फाईलवर बसले की तासाभराने बरं वाटतं, म्हणजे थकलेय पण अडकलेय जास्त असं वाटतं.

@जुनं_खोड काका, तुमचा प्रश्न टोचला. तो मुलगा त्या वर्षी नव्या सिस्टिमच्या प्रोजेक्टवर होता, अकाउंट्स, आयटी, सगळ्यांबरोबर रोज मीटिंगा, त्यामुळे चारही डिपार्टमेंट्सना तो माहीत. आणि आता खरं सांगते, त्या प्रोजेक्टसाठी आधी मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं. महिनाअखेर होती, म्हटलं हे कोण करणार. मीच पुढे होऊन त्याचं नाव सुचवलं. हे मी मूळ पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं, विसरले नव्हते, लिहिलं नव्हतं.

अजून एक. तो पिवळा सेल. दोन तासांचं काम आहे तो नीट करणं. मी तो चार वर्षांपूर्वीच करू शकले असते. का नाही केला ते काल रात्रीपासून शोधतेय आणि सापडलेलं उत्तर मला आवडत नाहीये.

जुनं_खोड

ताई, हे इथे लिहिलंत त्याला धाडस लागतं. आता उगाच स्वतःला झोडपत बसू नका. आपण ज्या कामात हुशार ठरतो तिथेच थांबावंसं वाटतं, सगळ्यांना वाटतं. फक्त एक स्वतःशी बघा, लीडचं काम म्हणजे तुमचं आत्ताचं काम मोठ्या खुर्चीत बसून करणं नाही. त्यात फाईल नसतेच. माणसं असतात, भांडणं असतात, दुसऱ्याने केलेल्या चुकीवर आपण बोलणी खाणं असतं. चांगला कारागीर उचलून मुकादम केला आणि दोन्ही गेलं असं मी बघितलंय. तुम्हाला लीड व्हायचंय की तो झाला म्हणून व्हायचंय?

मधलीच_बाई

माहीत नाही. प्रामाणिक उत्तर हेच आहे.

रिकामटेकडा

माहीत नाही वाल्यांसाठी माझ्याकडे एक गंमत आहे. स्टीव्हन लेविट नावाचा अर्थशास्त्रज्ञ, त्याने २०१३ मध्ये वेबसाईट काढली, ज्यांचं आयुष्यात काही ठरत नाहीये त्यांनी यावं आणि नाणं उडवावं, छापा आला तर बदल करायचा, काटा आला तर आहे ते चालू. नोकरी सोडू का हाही प्रश्न त्यात होता. २० हजारांच्या वर नाणी उडवली लोकांनी! सगळ्यांनी नाण्याचं ऐकलं नाही अर्थात, पण छापा आलेल्यांनी बदल जास्त केले आणि मोठ्या निर्णयांच्या बाबतीत सहा महिन्यांनी बदल केलेले लोक जास्त खूश निघाले. आता हे सगळे आपणहून आलेले आणि आधीच अर्धे तयार असलेले लोक होते, त्यामुळे यावरून उद्याच राजीनामा टाकू नका. मी काय घेतलं यातून, की माझं ५०-५० वर अडकलंय असं मी म्हणतो तेव्हा बहुतेक ते ५०-५० नसतंच, बदलाची भीती वजनात धरलेली असते.

मी काल नाणं उडवलं. काटा आला. आणि मी लगेच म्हटलं "तीनपैकी दोन करू". तेव्हा कळलं मला काय हवंय.

सावध_माणूस

@रिकामटेकडा हे मात्र आवडलं. पण स्क्रिप्ट द्यायच्या आधी बदल्यात काहीतरी घ्या.

मधलीच_बाई

अडीच महिन्यांनी परत येतेय, कोणीतरी मेसेज करून विचारलं पुढे काय झालं म्हणून.

साहेबांशी बोलले. काकांनी सांगितलं तसंच वाक्य पाठ करून गेले होते, दारात अर्धं विसरले. पण म्हटलं, की फाईल मी देते आणि सिस्टिम प्रोजेक्टचा दुसरा टप्पा सुरू होतोय त्यात मला घ्या. साहेब बघतच राहिले, मग म्हणाले, "अगं, मला वाटलं तुला हेच काम आवडतं." सहा वर्षं मी वाट बघतेय की यांना कळेल आणि सहा वर्षं त्यांना वाटतंय हिला हेच आवडतं. चिडायचं पण राहून गेलं. मेल त्याच दिवशी केली, दोन ओळींची.

प्रोजेक्टमध्ये घेतलंय. पहिल्या दोन मीटिंगांत एक शब्द बोलले नाही. तिसरीत कोणीतरी म्हणालं की सगळीकडून डेटा एकाच फॉरमॅटमध्ये येतो, तेव्हा मात्र हसू फुटलं आणि मग पंधरा मिनिटं मीच बोलत होते.

फाईल टीममधल्या एका मुलीला दिली, हुशार आहे, दीड वर्षच झालंय तिला. पहिल्या ३ तारखेला शेजारी बसले, हात मांडीखाली दाबून, शब्दशः. तिने दोन ठिकाणी चूक केली, एक तिची तिलाच सापडली, एक मी सांगितली. रिपोर्ट ११.४० ला गेला. १० च्या ऐवजी ११.४०. कोणाचाही फोन आला नाही! मी सहा वर्षं त्या दहाच्या ठोक्यासाठी पहाटे उठत होते. दुसऱ्या महिन्यात मी शेजारी नव्हते, पावणेदहाला गेला.

पिवळा सेल काढला. त्यात ०.९७ होतं. एका सेंटरचा थोडा डेटा दोनदा मोजला जायचा तो जुळवायला मी टाकलेलं. ते सेंटर बंद होऊन दोन वर्षं झाली, म्हणजे दोन वर्षं सगळे त्या पिवळ्या सेलला घाबरून होते आणि तो शून्याला ०.९७ ने गुणत बसला होता.

नोकरीचं म्हणाल तर सरडादादांच्या पद्धतीने ९ जणांना मेसेज केला, ५ जण बोलले, त्यातून एक इंटरव्ह्यू झाला आणि तो फार वाईट गेला. "तुमच्याबद्दल सांगा" इथेच अडकले, फाईलबद्दलच सांगत बसले. रेझ्युमे मात्र झाला, सेंट आयटम्स वाचून. पाटी_कोरी, मलाही रडू आलं. रिपोर्टला आधी चार दिवस लागायचे, मी तो दीड दिवसावर आणला होता आणि मला स्वतःलाच आठवत नव्हतं. पुढच्या आठवड्यात दुसरा इंटरव्ह्यू आहे. जायचं की राहायचं अजून ठरलेलं नाही, लीड व्हायचंय का तेही नाही, पण सात दिवसांची सुट्टी टाकलीय, १ तारखेपासून ७ पर्यंत, मंजूर पण झाली.

आणि काल त्या मुलीच्या खुर्चीमागून जात होते तर फाईलमध्ये एक हिरवा सेल दिसला. विचारलं हा काय गं. म्हणाली, "ताई, त्याला हात नका लावू."